जपानी विद्यार्थ्यांची इंग्रजी आणि आपण

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. वक्ते बी.ए., बी.एड. असून माध्यमिक शाळेत इंग्रजी हा विषय शिकवतात.)



'आपल्या मुलांची इंग्रजी कशी सुधारेल' या विषयावर मी चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा मला झाली. आज्ञा मान्य करण्यापूर्वी मला एक कबुली द्यावयाची आहे. इंग्रजीच्या शिक्षकाने आपल्या वर्गातील यशाच्या गोष्टी सांगावयाच्या असतात. मी माझ्या हातून झालेल्या एका चुकीपासून सुरुवात करणार आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. इयत्ता आठवीचा वर्ग. माझ्या तासाला इंग्रजीतच बोलावयाचे असा नियम मी घालून दिला होता. एका मुलाचे पेन हरवले आणि त्याने शेजारच्या बाकावरील मुलीकडे बोट दाखवले. मुलगी उभी राहिली. तिच्या घरी दखनी उर्दू बोलतात, शाळेत मराठी, आणि आता सरांचा नियम इंग्रजीचा. ती धीर करून म्हणाली, "सर, आय ईट ओथ, आय डिड नॉट टेक हिज पेन." म्हणजे काय, तर 'मी कसम खाते, मी पेन घेतलेले नाही.' सारा वर्ग खदखदून हसला. आणि सांगावयास लाज वाटते, पण मीही हसलो. पुढे पेन त्याच मुलाच्या दप्तरात सापडले. परंतु ती मुलगी त्या वर्षी माझ्या तासाला पुन्हा इंग्रजीत एक वाक्य बोलली नाही. मी हसलो होतो तिच्या 'ईट' या शब्दाला. तिला मात्र सर आपल्या खरेपणाला हसले असेच वाटले असणार.

ही चूक माझ्या मनात रुतून बसली. 'कसम खाणे' याचे इंग्रजीत 'ईट' का होत नाही, हे मी तिला समजावून सांगू शकलो असतो. पण खरे सांगायचे तर ते मलाही नीट ठाऊक नव्हते. त्याचा शोध घेता घेता मी कोठे पोहोचलो म्हणाल, तर थेट जपानला. कसा, ते ऐका.

आमच्या शाळेच्या ग्रंथालयात ऑक्सफर्डचा एक जाडजूड इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश आहे. त्याच्यावर संपादक म्हणून हॉर्नबी हे नाव आहे. आपल्यापैकी पुष्कळ शिक्षकांनी बी.एड.च्या काळात हा कोश चाळला असेल. तो लंडनमध्ये इंग्रजांच्या मुलांसाठी तयार झाला असेल, असा माझा समज होता. वस्तुतः तो जपानमध्ये, जपानी विद्यार्थ्यांच्या अडचणी डोळ्यांसमोर ठेवून तयार झाला आणि 1942 साली टोकियोच्या एका प्रकाशनगृहाने प्रथम छापला. त्याचे मूळ नाव मराठीत सांगावयाचे झाले तर 'वाक्प्रचारांचा आणि वाक्यरचनेचा इंग्रजी कोश' असे होते. ऑक्सफर्डने तो 1948 मध्ये नव्या नावाने प्रसिद्ध केला आणि मग तो जगभर गेला. म्हणजे जपानी मुले जेथे अडखळली, त्या ठेचांतून आपल्या कपाटातील हा कोश जन्माला आला आहे.

आता आपण विचाराल, जपानी मुलांच्या ठेचांशी आपला काय संबंध? संबंध फार जवळचा आहे. जपानी भाषेची वाक्यरचना पाहा. 'मी शाळेला जातो' हे जपानी माणूस 'वाताशि वा, गाक्को नि, इकिमासु' असे म्हणतो. वाताशि म्हणजे मी, गाक्को म्हणजे शाळा, 'नि' म्हणजे आपला 'ला', आणि क्रियापद शेवटी. शब्दांचा क्रम थेट मराठीसारखा. प्रश्न विचारावयाचा असेल तर ते वाक्याच्या शेवटी 'का' लावतात. 'इकिमासु का?' म्हणजे 'जाता का?' हा 'का' आपल्या 'का'शी जुळतो हा निव्वळ योगायोग आहे, पण योगायोग गोड आहे. इंग्रजीतील 'ए' आणि 'द' ही उपपदे त्यांच्याकडे नाहीत, आपल्याकडेही नाहीत. म्हणून 'द' कोठे घालावा आणि कोठे गाळावा, याबाबत टोकियोच्या मुलाचा आणि आपल्या मुलाचा गोंधळ एकसारखाच.

वाक्प्रचारांचेही तसेच. त्या मुलीच्या 'खाण्या'चेच उदाहरण घेऊ. मराठीत आपण मार खातो, बोलणी खातो, भाव खातो. उर्दूत कसम खातात, धोका खातात. जपानी माणूसही खाण्यात मागे नाही. वडीलधाऱ्यांनी रागावले तर तो 'मोठे बुबुळ खातो'. शाळेतून घरी येताना रेंगाळला तर 'वाटेवरचे गवत खातो'. एखादे काम 'वेळ खाते' हे तर तो अगदी आपल्यासारखेच म्हणतो. औषधाची गोळी असली तरी तो ती 'पितो'. स्वप्न तो आपल्यासारखेच 'पाहतो', इंग्रजाजवळ मात्र स्वप्न 'असते'. आपल्याला सर्दी 'होते', जपानी माणूस ती 'ओढून घेतो' आणि इंग्रज ती 'पकडतो'. सर्दी सर्वांची एकच, नाक सर्वांचे सारखेच गळते, पण क्रियापद प्रत्येकाचे निराळे!

इंग्रज काय कधीच 'खात' नाही? खातो. तो आपले 'शब्द खातो'. म्हणजे आपण बोललो ते चूक होते, असे मान्य करतो. मला त्या वर्गात नेमके हेच करावयास हवे होते.

तेव्हा मित्रांनो, पहिली गोष्ट ध्यानात घ्या. 'आय ईट ओथ' म्हणणारी मुलगी अडाणी नव्हती. आपल्या भाषेतील बरोबर वाक्प्रचार तिने शब्दाला शब्द ठेवून पलीकडे नेला, एवढेच. दोन भाषा ज्याच्या डोक्यात आहेत, त्याच्याच हातून ही चूक होते.

जपानी लोक इंग्रजी शिकू लागले त्याचा इतिहास या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. त्यातील दोन माणसे आपल्या विद्यार्थ्यांनी ओळखून घ्यावीत.

पहिला मांजिरो. तोसा प्रांतातील किनाऱ्यावरच्या एका गरीब कोळ्याचा मुलगा. वडील लहानपणीच वारलेले. 1841 साली, वयाच्या अवघ्या चौदाव्या वर्षी, मासेमारीला गेला असता त्याचे गलबत वादळात सापडले आणि पाचजण एका निर्जन बेटाला लागले. काही महिन्यांनी देवमासे पकडणाऱ्या एका अमेरिकन जहाजाने त्यांना वाचवले. जहाजाच्या कप्तानाने या मुलाला आपल्या गावी मॅसॅच्युसेट्समध्ये नेले आणि शाळेत घातले. मांजिरोजवळ शब्दकोश नव्हता, व्याकरणाचे पुस्तक नव्हते, दुभाषा नव्हता. कानावर जे पडले ते त्याने उचलले. परदेशी गेलेल्या जपानी माणसाला परत येण्यास त्या काळी देहान्ताची शिक्षा होती. तरीही 1851 साली तो मायदेशी परतला. चौकशीचे दिव्य पार पाडून तो आईला भेटला, आणि पुढे 1859 मध्ये त्याने जपानी लोकांसाठी इंग्रजी संभाषणाचे एक पुस्तक लिहिले. त्यात उच्चार दिले आहेत ते स्पेलिंगप्रमाणे नव्हेत, तर त्याच्या कानाने ऐकले तसे. 'संडे' त्याने 'सानरेइ' असा लिहिला आहे. पंडितांना हसू येईल, पण अमेरिकन माणूस भरभर 'संडे' म्हणताना ऐका, म्हणजे या कोळ्याच्या पोराचा कान किती तयार होता ते कळेल.

दुसरे फुकुझावा युकिची. हे विद्वान सामुराई घराण्यातील. त्यांनी वर्षानुवर्षे खपून डच भाषा शिकून घेतली होती, कारण त्या काळी पाश्चात्त्य विद्येची तीच एक खिडकी जपानला उघडी होती. 1859 साली ते योकोहामा बंदर पाहावयास गेले. तेथील परदेशी व्यापाऱ्यांच्या दुकानांवरील पाट्या त्यांना वाचता येईनात आणि त्यांचे डच कोणाला समजेना. सर्वत्र इंग्रजी! एवढ्या वर्षांची मेहनत पाण्यात गेली असे वाटून ते खिन्न होऊन परतले. पण त्यांनी लिहून ठेवले आहे की दुसऱ्याच दिवशी त्यांनी मन घट्ट केले आणि इंग्रजीचा श्रीगणेशा केला. त्यांनी काढलेल्या शाळेचे पुढे केइओ हे नामांकित विद्यापीठ झाले. 1984 पासून 2024 पर्यंत जपानच्या दहा हजार येनच्या नोटेवर याच गृहस्थांचे चित्र छापले जात असे.

पुस्तकाने शिकलेले फुकुझावा आणि कानाने शिकलेला मांजिरो हे दोघे 1860 साली एकाच जहाजातून अमेरिकेस गेले, आणि सॅन फ्रान्सिस्कोमध्ये दोघांनीही वेबस्टरचा एकेक इंग्रजी शब्दकोश विकत घेतला. कान आणि पुस्तक, एकाच जहाजात! भाषा शिकण्याचे दोन्ही रस्ते या एका प्रवासात मला दिसतात.

यानंतर जपानने इंग्रजीचा अभ्यास अतिशय शिस्तीने केला. 1896 मध्ये टोकियोत इंग्रजीची शाळा काढणारे साइतो हिदेसाबुरो नावाचे एक व्याकरणकार होऊन गेले. त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली. जपानी विद्यार्थी इंग्रजीतील मोठमोठे शब्द घोकून पाठ करतो, पण अडतो तो चिमुकल्या शब्दांशी. गेट, टेक, पुट, गिव्ह. आणि त्यांच्या पाठीस लागलेले अप, ऑफ, ऑन, आउट. 'पोस्टपोन' हा शब्द त्याला येतो, पण 'पुट ऑफ' म्हटले की तो गडबडतो. म्हणून साइतो यांनी 1915 साली एक इंग्रजी-जपानी कोश काढला, त्याच्या नावातच 'वाक्प्रचारांना प्राधान्य देणारा' असे म्हटले आहे. असा ग्रंथ रचणारा हा माणूस आयुष्यात कधी परदेशी गेला नव्हता. इंग्लंडला गेल्याशिवाय इंग्रजी येत नाही असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

1922 साली हॅरॉल्ड पामर हे इंग्रज भाषातज्ज्ञ जपानी शिक्षण खात्याच्या निमंत्रणावरून टोकियोत आले आणि पुढील वर्षी त्यांनी इंग्रजी अध्यापनाच्या संशोधनासाठी संस्था स्थापन केली. कोणता शब्द कोणत्या शब्दाच्या जोडीने येतो, याच्या याद्या त्यांनी तयार केल्या. ही जोडी फार महत्त्वाची आहे. आपण चहाला 'कडक' म्हणतो, जपानी माणूस त्याला 'दाट' म्हणतो, इंग्रज 'स्ट्राँग' म्हणतो. आपला पाऊस 'मुसळधार', जपानी माणसाचा 'माती-वाळू कोसळावी' तसा, आणि इंग्रजाचा नुसता 'हेवी'. अर्थ ठाऊक असून भागत नाही, जोडीदार ठाऊक असावा लागतो.

पामर यांच्या या कामात पुढे हॉर्नबी सामील झाले. ते 1924 मध्ये जपानला आले ते ओइता या गावी शिकवण्यासाठी. वर्गात उभे राहिल्यावर त्यांना दिसले की विद्यार्थ्यांची खरी गरज रोजच्या वापरातील भाषा ही आहे. मग दोघा सहकाऱ्यांच्या साहाय्याने त्यांनी कोश रचला. 'फर्निचर' आणि 'अॅडव्हाइस' यांचे अनेकवचन होत नाही, 'सजेस्ट'पुढे 'टू' चालत नाही, अशा गोष्टी इंग्रज मुलाला सांगाव्या लागत नाहीत. जपानी मुलाला त्या सांगाव्या लागतात आणि आपल्यालाही. त्या या कोशात पद्धतशीर सांगितल्या गेल्या. मध्येच महायुद्ध भडकले. जपान आणि ब्रिटन शत्रू झाले, हॉर्नबींना नजरकैद झाली, 1942 मध्ये त्यांना जपान सोडावा लागला. आणि त्याच वर्षी, त्याच शत्रुराष्ट्राच्या राजधानीत त्यांचा कोश छापून झाला! विद्येला सरहद्द नसते असे आपण भाषणात नेहमी म्हणतो, त्याचा हा छापील पुरावा आहे.

येथे आपण म्हणाल, एवढे कोश झाले, एवढी शिस्त, तेव्हा जपानी माणूस फर्डे इंग्रजी बोलत असेल. पालकहो, गोष्टीला येथेच वळण आहे. तसे झाले नाही. माध्यमिक शाळेची सहा वर्षे इंग्रजी शिकूनही तोंड उघडत नाही, ही तक्रार जपानमध्ये जपानी लोकच आजवर करीत आले आहेत. त्यांच्याकडे एक विनोद सांगतात. परदेशात एका जपानी माणसाला अपघात झाला. तो रस्त्यावर विव्हळत पडला असता पोलिसाने विचारले, "हाउ आर यू?" आणि याने पाठ केलेले उत्तर दिले, "आय अॅम फाइन, थँक यू, अँड यू?"

असे का व्हावे? कारण विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षा. 'चार तास झोपाल तर पास, पाच तास झोपाल तर नापास' अशी म्हणच तेथील विद्यार्थ्यांत रूढ झाली. मुले कडीत ओवलेल्या छोट्या कार्डांवर एका बाजूस इंग्रजी शब्द आणि दुसऱ्या बाजूस अर्थ लिहून आगगाडीत उभ्या उभ्या घोकत. शब्द हजारो पाठ झाले. पण ज्या भाषेत चुकले की गुण जातात, ती भाषा बोलण्याचे धाडस कोण करणार? चूक म्हणजे लाज, असे समीकरण मनात बसले. साधन उत्तम होते, पण जीभ भयाने बांधली गेली.

याच जपानमध्ये उलट उदाहरणही आहे. 1945 मध्ये युद्ध हरल्यावर देश राखेत होता. अशा वेळी अवघ्या बत्तीस पानांचे जपानी-इंग्रजी संभाषणाचे एक चोपडे निघाले आणि त्याच्या सुमारे 36 लाख प्रती खपल्या. 1946 च्या फेब्रुवारीत रेडिओवर हिराकावा तादाइचि यांचे इंग्रजीचे पाठ सुरू झाले. हे गृहस्थ तरुणपणी अमेरिकेस गेले, तेथे रेल्वेवर मजुरी केली आणि मोठ्या वयात लहान मुलांच्या शाळेत बसून इंग्रजी शिकले. त्यांचा पाठ रोज पंधरा मिनिटांचा असे. जपानी मुलांना परिचित असलेल्या एका बालगीताच्या चालीवर त्याचे सुरुवातीचे गाणे होते. विषय कोणते? आई-मुलांचे बोलणे, जेवणाची तयारी, शेजाऱ्याची भेट. व्याकरणाचा धाक नाही, परीक्षा नाही. उपाशीपोटी राहणारी कुटुंबे रेडिओभोवती बसून ती वाक्ये मोठ्याने म्हणत आणि हसत. पण हे हसणे एकमेकांना नव्हते, एकमेकांबरोबर होते. माझ्या वर्गातील हसणे आणि हे हसणे यांतील फरक मला तेव्हा उमगला.

आणखी एक गंमत सांगतो. माझे मामू जहाजावर खलाशी होते. आपल्या कोकणातील कितीतरी घरांतून माणसे जहाजावर गेली आहेत, आपल्याला नवे नाही. त्यांचे जहाज कोबे बंदरास लागे. तेथे 1935 साली उभारलेली मशीद आहे, जपानमधील पहिली, आणि ती उभारण्यात हिंदी व्यापाऱ्यांचाही हातभार होता. मामू तेथे जुम्म्याची नमाज पढून आल्याचे अभिमानाने सांगत. एकदा ते बाजारात पाव आणावयास गेले. दुकानदार पावाकडे बोट दाखवून म्हणाला, "पान." मामूंना वाटले, हा आपल्याला विडा देतो आहे! जपानीत पावाला खरोखरच 'पान' म्हणतात. तो शब्द पोर्तुगिजांनी तेथे नेला, आणि आपला 'पाव' हा शब्दही पोर्तुगिजांनीच गोव्याच्या बाजूने आपल्याला दिला. मामूंचा पाव आणि जपान्याचे पान हे सख्खे भाऊ निघाले.

पण सर्वच शब्द असे सुदैवी नसतात. जपानी लोकांनी शेकडो इंग्रजी शब्द आपल्या भाषेत घेतले आणि त्यांना निराळा अर्थ दिला. 'कानिंगु' म्हणजे परीक्षेतील कॉपी. 'मान्शोन' म्हणजे साधा फ्लॅट. 'कोन्सेन्तो' म्हणजे भिंतीवरील विजेचे सॉकेट. जपानी विद्यार्थी हे शब्द इंग्रजच समजून इंग्रजापुढे वापरतो आणि समोरचा बुचकळ्यात पडतो. आपण तरी काय वेगळे करतो? परीक्षेत नक्कल करण्याला आपण 'कॉपी' म्हणतो, इंग्रज त्याला 'चीटिंग' म्हणतो. तेव्हा ओळखीचा वाटणारा शब्द दोनदा तपासावा.

'हो' आणि 'नाही'चेही असेच. 'तू जेवला नाहीस ना?' असे विचारले तर आपण म्हणतो, 'हो, नाही जेवलो.' जपानी माणूसही 'हाय' म्हणतो, म्हणजे 'आपण म्हणता ते बरोबर'. इंग्रजीत मात्र येथे 'नो' म्हणावे लागते. भेटवस्तू देताना जपानी माणूस विनयाने म्हणतो, 'ही अगदी क्षुल्लक वस्तू आहे.' आपणही पाहुण्याला 'गरीबखान्यावर या' म्हणतो. हे शब्दशः इंग्रजीत सांगितले तर समोरच्याला वाटेल, वस्तू खरोखरच टाकाऊ असेल! अदब सर्वांकडे आहे, तिचा पोशाख निराळा आहे.

आता या सर्वांतून आपण काय घ्यावे? विद्यार्थ्यांना मी चार गोष्टी सुचवतो.

पहिली : वहीत शब्दापुढे नुसता अर्थ लिहू नका. पूर्ण वाक्य लिहा, आणि ते कोण, कोणाला, केव्हा म्हणेल तेही लिहा. जपानी मुलांच्या कार्डांत हीच उणीव होती.

दुसरी : लहान शब्दांचा आदर करा. एका आठवड्यास एकच क्रियापद घ्या. 'लुक' घ्या. लुक अप, लुक फॉर, लुक आफ्टर. शब्दकोशात शोधणे, हरवलेले शोधणे, आजीची काळजी घेणे. रोज घरात घडणाऱ्या गोष्टींची ही वाक्ये करा.

तिसरी : वहीत तीन रकाने आखा. इंग्रजी वाक्प्रचार, मराठी आणि घरची बोली. सोप्या कामाला इंग्रज 'पीस ऑफ केक' म्हणतो, मराठीत तो हातचा मळ, उर्दूत तो डाव्या हाताचा खेळ. वाटल्यास चौथा रकाना जपानीचा करा. ते त्याला 'न्याहारीपूर्वीचे काम' म्हणतात. अशी वही ठेवणाऱ्याला आपली भाषा कमीपणाची वाटणार नाही. जपानने आपले आधुनिक शिक्षण मुख्यतः स्वतःच्या भाषेतून दिले आणि इंग्रजी शेजारी बसवली, हे विसरू नका.

चौथी : रोज पंधरा मिनिटे मोठ्याने बोला. आज रेडिओ नसला तरी मोबाईल प्रत्येक घरात आहे. त्यावर बोलणे ऐका, मांजिरोसारखे कानाने पकडा आणि लगेच तोंडाने म्हणा.

पालकांना माझी हात जोडून विनंती आहे. पाहुणे आले की मुलाला 'इंग्लिशमध्ये बोलून दाखव' असे फर्मावू नका. तो चुकला तर भावंडांना हसू देऊ नका. आणि मुलीची इंग्रजी कच्ची आहे या सबबीवर तिचे शिक्षण दहावीनंतर थांबवू नका. कच्चे असते ते पिकते, झाडावर राहू दिले तर. जपानीत एक म्हण आहे : 'विचारणे ही क्षणाची लाज, न विचारणे ही जन्माची लाज.' मुलाला ती क्षणाची लाज सोसवेल, असे घर आपण त्याला द्यावे. असा वर्ग देणे हे आम्हा शिक्षकांचे काम.

शेवटी त्या मुलीविषयी. ती नववीत गेल्यावर एके दिवशी मी फळ्यावर 'खाणे' असे लिहिले आणि वर्गाला सर्व 'खाणी' सांगावयास लावली. मार, बोलणी, कसम, धोका, भाव. मग जपानी माणसाचे बुबुळ आणि गवत सांगितले. अखेरीस इंग्रजाचे 'शब्द खाणे' लिहिले आणि म्हणालो, गेल्या वर्षी या वर्गात एका खऱ्या बोलण्याला मी हसलो, ते माझे हसणे मी आज परत घेतो. वर्ग गप्प झाला. ती मुलगी काही बोलली नाही. मी लगेच काही बोलावे अशी तिच्याकडून अपेक्षाही केली नव्हती.

पुढच्या आठवड्यात तिने हात वर केला. उभी राहून इंग्रजीत एक मोठे वाक्य बोलली. त्यात दोन चुका होत्या. मागील बाकावर कोणी तरी खुदकन हसले. ती क्षणभर थबकली, माझ्याकडे पाहिले, आणि वाक्य पुरे करूनच खाली बसली.

मित्रांनो, चुका मी नंतर दुरुस्त केल्या. वाक्य पुरे झाले होते, ही माझ्या दृष्टीने त्या वर्षातील सर्वांत मोठी कमाई होती. आपल्या प्रत्येक मुलाचे आणि मुलीचे वाक्य पुरे होवो, अशी दुआ करतो आणि माझे दोन शब्द संपवतो.

खुदा हाफिज.